मांडवाआधीच्या याद्या : शिखर परिषद नेमकी कशासाठी असते?

९ सप्टेंबर २०२३. दिल्लीच्या प्रगती मैदानात, भारत मंडपममध्ये जी-२० या मोठ्या अर्थव्यवस्थांच्या गटाच्या परिषदेचा पहिला दिवस. दुपारच्या सत्रातच पंतप्रधान नरेंद्र मोदींनी सांगून टाकलं की जाहीरनाम्यावर एकमत झालं आहे. ८३ परिच्छेद, आणि मतभेद नोंदवणारी एकही तळटीप नाही. परिषद संपायला अजून आख्खा एक दिवस बाकी होता. नेते खुर्चीत जेमतेम स्थिरावले असताना ८३ परिच्छेद लिहिले कुणी आणि कधी? आणि सगळं आधीच लिहून झालं असेल, तर एवढी विमानं, एवढा बंदोबस्त, दिल्लीला तीन दिवस सुट्टी, हा खटाटोप कशाला?

आपल्याकडे लग्न ठरलं की दोन्ही घरची मोठी माणसं बसून याद्या करतात. कोणी काय करायचं, मानपान कसा, कार्यालय कुठलं, खर्च कसा वाटायचा. कुरबुरी होतात त्या तिथे. मांडवात फक्त अक्षता पडायच्या असतात. मांडवात भांडण निघालं, तर समजावं की याद्या नीट झाल्या नव्हत्या. शिखर परिषदेचंही असंच असतं. पण म्हणून लग्नाचा मुहूर्त निरर्थक ठरत नाही. मुहूर्त धरला नसता तर त्या याद्या वर्षानुवर्षं झाल्याच नसत्या. शिखर परिषदेची बरीचशी किंमत तिच्या तारखेत आहे, हे एकदा लक्षात आलं की बाकीचा पसारा समजायला सोपा जातो.

शिखर आणि शेर्पा

‘शिखर’ हा शब्द राजकारणात रुळला तो विन्स्टन चर्चिल यांच्यामुळे. फेब्रुवारी १९५० मध्ये एडिनबरोच्या निवडणूक सभेत त्यांनी सोव्हिएत रशियाशी ‘शिखरावरची’ बोलणी व्हावीत, असं म्हटलं. एव्हरेस्टच्या मोहिमांचे ते दिवस होते. शब्द चिकटला. पुढे शिखरावर जाणाऱ्या नेत्याचं ओझं वाहणाऱ्या, वाट शोधणाऱ्या अधिकाऱ्याला ‘शेर्पा’ म्हणू लागले, आणि हे आता अधिकृत नाव आहे. २०२३ मध्ये भारताचे शेर्पा अमिताभ कांत होते. शेर्पाच्या हाताखाली उपशेर्पा असतात. त्यांची नावं बातमीत क्वचितच येतात, पण मसुद्यातलं स्वल्पविरामापर्यंतचं भांडण तेच भांडतात.

नियमित शिखर परिषदांची आजची पद्धत नोव्हेंबर १९७५ मध्ये सुरू झाली. पॅरिसजवळच्या रांबुये या किल्लेवजा वाड्यात फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, जपान, ब्रिटन आणि अमेरिका अशा सहा देशांचे नेते तीन दिवस एकत्र राहिले. तेलाच्या भावाने सगळ्यांचीच अर्थव्यवस्था हलली होती. थोडीच माणसं, चुलीपाशी बसावं तशा मोकळ्या गप्पा, अशी मूळ कल्पना. शेवटी निघालेला जाहीरनामा १५ कलमांचा होता. पुढच्या वर्षी कॅनडा आला आणि जी-७ तयार झाला. जी-२० मूळचा अर्थमंत्र्यांचा गट, १९९९ सालचा. २००८ च्या आर्थिक पडझडीत, १४-१५ नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्ये, तो पहिल्यांदा राष्ट्रप्रमुखांच्या पातळीवर भरला.

वर्षभर चाललेलं काम

जी-२० ला स्वतःचं कायमचं सचिवालय नाही. ज्या देशाकडे अध्यक्षपद, तोच वर्षभर कार्यालय चालवतो. भारताची पाळी १ डिसेंबर २०२२ ते ३० नोव्हेंबर २०२३ अशी होती. मागचा, आत्ताचा आणि पुढचा अध्यक्ष मिळून एक त्रिकूट होतं, म्हणजे आधीचं काम हवेत विरत नाही. भारताच्या वेळी ते इंडोनेशिया, भारत, ब्राझील असं होतं.

कामाच्या दोन वाटा असतात. एक अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकांची, दुसरी शेर्पांची. शेर्पांच्या वाटेवर भारताच्या वर्षात तेरा कार्यगट होते: शेती, आरोग्य, शिक्षण, ऊर्जा, पर्यटन, भ्रष्टाचारविरोध वगैरे. सुमारे साठ शहरांत दोनशेवर बैठका झाल्या. पुण्यात जानेवारी २०२३ मध्ये पायाभूत सुविधांचा कार्यगट बसला आणि २२ जूनला शिक्षणमंत्र्यांची बैठक झाली. गोव्यात पर्यटनमंत्री आणि नंतर २२ जुलैला ऊर्जामंत्री भेटले. रंगवलेले दुभाजक आणि रातोरात उगवलेल्या कुंड्या पुणेकरांच्या लक्षात राहिल्या. आत काय चाललं होतं ते मात्र फारसं कुणाला कळलं नाही, आणि खरं तर तेच महत्त्वाचं होतं. प्रत्येक कार्यगट आपापल्या विषयाचे दोन-चार परिच्छेद तयार करतो, मंत्री ते संमत करतात आणि मग ते शेर्पांच्या टेबलावर एकत्र येतात. अंतिम जाहीरनामा म्हणजे या सगळ्या तुकड्यांची गोधडी. वाचताना तो कंटाळवाणा आणि जोडलेला वाटतो, कारण तो जोडलेलाच असतो.

मसुदा तयार कसा होतो? यजमान पहिला कच्चा मसुदा पाठवतो. त्याला गमतीने शून्य मसुदा म्हणतात. इतर देश दुरुस्त्या पाठवतात. ज्या शब्दावर मतभेद, तो चौकटी कंसात जातो. एकाच वाक्यात कधीकधी तीन-चार कंस असतात: [निषेध करतो] [तीव्र चिंता व्यक्त करतो] [नोंद घेतो]. बैठक म्हणजे हे कंस एकेक करून काढणं. सोपे कंस आधी निघतात. उरतात ते दहा-बारा, जे कुणाच्याच अधिकारात नसतात. मग ते शेवटच्या रात्रीपर्यंत ताणले जातात, कारण आधी सोडलं तर आपल्या राजधानीला वाटेल की आपण स्वस्तात सोडलं. शिवाय नियम असा की सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलेलं नसतं. शेतीच्या परिच्छेदात हवं ते मिळालेला देशही कर्जाच्या परिच्छेदावर अडून बसू शकतो.

आणखी एक हत्यार म्हणजे मौनाची मुदत. मसुदा पाठवून कळवायचं की उद्या सकाळी दहापर्यंत आक्षेप आला नाही तर तो मान्य समजू. विरोध करायला कुणीतरी एकट्याने हात वर करावा लागतो, आणि एकटं पडायला कुणालाच आवडत नाही. बरेच अडलेले परिच्छेद या एका युक्तीने मार्गी लागतात.

युक्रेनचा परिच्छेद

दिल्लीतली खरी गाठ एकच होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. नोव्हेंबर २०२२ च्या बाली परिषदेत यावर कसाबसा मजकूर बनला होता: बहुतेक सदस्यांनी युद्धाचा तीव्र निषेध केला, परिस्थितीबद्दल आणि निर्बंधांबद्दल इतरही मतं होती. शिवाय ‘आजचा काळ युद्धाचा असता कामा नये’ हे वाक्य. मोदींनी त्याआधी समरकंदला व्लादिमीर पुतिन यांना जे म्हटलं होतं, त्याचाच हा पडसाद.

काही महिन्यांतच रशिया आणि चीनला बालीचा मजकूर नको झाला, आणि पाश्चात्त्य देश त्यापेक्षा खाली उतरायला तयार नव्हते. परिणाम वर्षभर दिसला. बंगळूरला अर्थमंत्री भेटले, दिल्लीत परराष्ट्रमंत्री भेटले, पण संयुक्त निवेदन निघालं नाही. त्याऐवजी ‘अध्यक्षांचा सारांश’ आला. हा कागद ओळखायला शिकलं पाहिजे. यजमान आपल्या जबाबदारीवर लिहितो की चर्चा अशी झाली. त्यावर सगळ्यांची सही नसते. यजमानाच्या दृष्टीने ते काठावर पास होणं. गोव्याच्या ऊर्जामंत्र्यांच्या बैठकीतही तेच झालं, आणि तिथे युक्रेनच्या जोडीला कोळसा-तेलाचा वापर कमी करण्यावरूनही बिनसलं होतं.

त्यामुळे सप्टेंबर उजाडला तेव्हा दिल्लीतूनही तसाच सारांश निघेल, अशी बऱ्याच जाणकारांची अटकळ होती. चीनचे अध्यक्ष क्षी जिनपिंग आणि पुतिन येणार नव्हते. त्यांच्या जागी चीनचे पंतप्रधान ली च्यांग आणि रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव आले. शेर्पांची शेवटची बैठक परिषदेच्या तोंडावर हरियाणात चालली होती. अमिताभ कांत यांनी नंतर दिलेला हिशेब असा: २०० तासांहून जास्त वाटाघाटी, ३०० द्विपक्षीय बैठका, १५ मसुदे. या एका प्रश्नावर परराष्ट्र सेवेतले नागराज नायडू आणि ईनम गंभीर हे दोन अधिकारी मसुद्याला जुंपलेले होते.

निघालेला तोडगा बारकाईने बघण्यासारखा आहे. बालीतलं ‘बहुतेक सदस्यांनी निषेध केला’ गेलं. त्याऐवजी आलं: बालीतल्या चर्चेचं स्मरण ठेवून आम्ही आपापल्या राष्ट्रीय भूमिका आणि संयुक्त राष्ट्रांतल्या ठरावांचा पुनरुच्चार करतो. पाश्चात्त्य देशांना निषेध हवा होता. तो ठरावांच्या उल्लेखात दडला, कारण आमसभेच्या ठरावांत तो आहेच. रशियाला स्वतःवरचा थेट ठपका नको होता. तो नाही आला. त्यापुढे सर्वांसाठी एक तत्त्व: भूभाग बळकावण्यासाठी कुणीही बळ वापरू नये किंवा त्याची धमकी देऊ नये. नाव कुणाचंच नाही, पण ज्याला लागायचं त्याला लागतं. ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि इंडोनेशिया भारताबरोबर उभे राहिले, म्हणजे मागचा यजमान आणि पुढचे दोन. जाहीरनामा मोडला असता तर त्यांच्या वाट्यालाही मोडका गट आला असता, हे गणित त्यांना कळत होतं.

युक्रेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने या मजकुरावर उघड नाराजी दाखवली: जी-२० ने अभिमान बाळगावा असं यात काही नाही. त्यांच्या जागेवरून ते बरोबरच होतं. सर्वसंमतीने लिहिलेला मजकूर न्याय देत नाही. तो एवढंच सांगतो की एकत्र उभं राहण्यापुरती जमीन किती उरली आहे. दिल्लीत ती फार थोडी उरली होती, पण उरली होती.

मग नेते करतात काय?

मुख्य सभागृहात ते बहुतांशी भाषणं वाचतात. साधा हिशेब करा. सदस्य, आमंत्रित देश, जागतिक बँकेसारख्या संस्था धरून टेबलाभोवती चाळीसच्या वर प्रमुख. प्रत्येकी तीन मिनिटं म्हटलं तरी दोन तास गेले, आणि तीन मिनिटांत थांबणारा राष्ट्रप्रमुख विरळा. एक सत्र संपलं! या भागाची किंमत कमीच.

किंमत असते ती बाजूच्या खोल्यांत. एरवी दोन देशांच्या प्रमुखांची भेट जुळवायला महिने लागतात. कोण कुणाकडे जाणार इथपासून मानापमान. परिषदेत सगळे आयतेच एका छपराखाली असतात. मोदींनी दिल्लीत त्या तीन दिवसांत पंधराच्या वर द्विपक्षीय भेटी घेतल्या. भारत-मध्यपूर्व-युरोप आर्थिक मार्गिकेची घोषणाही परिषदेच्या कडेला झाली, जाहीरनाम्यात नाही. महिन्याभरातच गाझाचं युद्ध पेटलं आणि ती रखडली, हा भाग वेगळा.

या भेटी फार खोल जातात असंही समजू नये. पंचेचाळीस मिनिटांची भेट असली आणि दोघांची भाषा वेगळी असली, की बोलून झाल्यावर दुभाषा तेवढाच वेळ घेतो. उरतात साधारण बावीस मिनिटं, प्रत्येकाच्या वाट्याला अकरा. त्यातून हस्तांदोलन, छायाचित्रं, सुरुवातीचं औपचारिक बोलणं वजा करा. एवढ्या वेळात दोनच गोष्टी होऊ शकतात: आधी ठरलेल्यावर मोहर उमटवणं, किंवा अधिकाऱ्यांना ‘हे सोडवा’ असा हुकूम देणं.

पण तो हुकूमच मोलाचा असतो. भारत-चीन सीमेचं उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये लडाखच्या गलवान खोऱ्यात दोन्ही सैन्यांची चकमक झाली. लष्करी आणि राजनैतिक फेऱ्या चार वर्षं चालल्या; डेपसांग आणि डेमचोक हे लडाखमधलेच दोन भाग अडून राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियातल्या काझान इथे ब्रिक्स परिषद २२ तारखेला सुरू व्हायची होती. २१ ऑक्टोबरला परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी गस्तीच्या व्यवस्थेवर सहमती झाल्याचं जाहीर केलं. २३ तारखेला मोदी आणि क्षी भेटले. २०१९ नंतरची ती पहिली रीतसर द्विपक्षीय भेट. त्याच डिसेंबरात सीमाप्रश्नाचे विशेष प्रतिनिधी बीजिंगला बसले, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली. काझानने सीमाप्रश्न सोडवला नाही. पण नेत्यांची भेट हवी असेल तर त्याआधी गाठ सुटली पाहिजे, हा दट्ट्या दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांवर तारखेने लावला.

दुसरी गोष्ट घरातली आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही. वाणिज्य मंत्रालय आयातकर सोडायला तयार नसतं, पर्यावरण मंत्रालयाला दुसरीकडे जायचं असतं, अर्थ खातं पैशाला नाही म्हणतं. ही भांडणं एरवी फायलींवर फिरत राहतात. प्रमुख विमानात बसायच्या आधी मात्र देशाची एकच भूमिका कागदावर लागते. ‘शेतीत हे देतो, व्हिसात ते द्या’ असा वेगवेगळ्या खात्यांमधला सौदा मंत्री करू शकत नाही. तो फक्त सगळ्या खात्यांच्या वर बसलेला माणूस करू शकतो.

नेते स्वतः लिहायला बसतात तेव्हा

क्वचित, फारच क्वचित, खरं काम नेत्यांच्या हातून होतं. सप्टेंबर १९७८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्रायलचे मेनाखेम बेगिन यांना कॅम्प डेव्हिड या अमेरिकी अध्यक्षांच्या विश्रामस्थानी बोलावलं. पहिल्या दोन-तीन दिवसांतच दोघांची इतकी जुंपली की त्यानंतर कार्टर यांनी त्यांना वाटाघाटीसाठी समोरासमोर आणलंच नाही. अमेरिकेने आपला एकच मसुदा केला आणि तो एका कुटीतून दुसऱ्या कुटीत फिरवत राहिले. दोन्ही बाजूंनी फक्त त्यातल्या चुका सांगायच्या, आपला मसुदा आणायचा नाही. असे २३ मसुदे झाले. दोन मसुदे समोर असले की माणूस आपला वाचवतो. तिसऱ्याचा एकच असला की तो सुधारायला लागतो, हे यामागचं मर्म.

अकराव्या दिवशी सादातनी सामान बांधलं. शेवटच्या दिवशी बेगिन अडले. त्यांनी नातवंडांसाठी तिघांच्या सहीची छायाचित्रं मागितली होती. कार्टर यांनी एकेका नातवंडाचं नाव घालून ती तयार ठेवली आणि स्वतः त्यांच्या कुटीत नेऊन दिली. बेगिन एकेक नाव वाचत गेले आणि हेलावले. करार तेवढ्याने झाला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. इस्रायलच्या ताब्यातला इजिप्तचा सिनाई परत द्यायचा की नाही हा हिशेब मोठा होता. पण उठून जाणारा माणूस बसला. १३ दिवसांनी सह्या झाल्या, मार्च १९७९ मध्ये शांतता करार झाला, आणि एप्रिल १९८२ मध्ये सिनाई जवळजवळ पूर्णपणे इजिप्तला परत मिळाला. कॅम्प डेव्हिडच्या कराराचा पॅलेस्टिनी स्वायत्ततेचा भाग मात्र कागदावरच राहिला. पॅलेस्टिनी कॅम्प डेव्हिडला नव्हतेच. जो टेबलाशी नाही त्याच्या नावाने केलेली तडजोड टिकत नाही.

फसलेली परिषदही कधी कामाची ठरते. ऑक्टोबर १९८६ मध्ये आइसलँडमधल्या रेक्याविकला अमेरिकेचे रेगन आणि सोव्हिएत रशियाचे गोर्बाचेव्ह अण्वस्त्रं जवळजवळ संपवण्यापर्यंत पोचले आणि एका शब्दावर फिसकटलं: अंतराळातल्या संरक्षण यंत्रणेच्या चाचण्या ‘प्रयोगशाळेपुरत्या’ ठेवायच्या का? दोघं पडक्या चेहऱ्याने बाहेर आले. पण समोरचा किती सोडायला तयार आहे, हे दोन्ही बाजूंना कळलं होतं. चौदा महिन्यांनी, ८ डिसेंबर १९८७ रोजी, मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार झाला आणि १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट केली गेली.

याद्या न करता मांडवात

जुलै २००१ चं आग्रा हा याचा धडा. वाजपेयी आणि मुशर्रफ भेटले तेव्हा मान्य मसुदा हाताशी नव्हता. दोन्हीकडचे परराष्ट्रमंत्री तिथेच बसून वाक्यं जुळवत होते. काश्मीर आधी की दहशतवाद आधी, ही गाठ तशीच. त्यात मुशर्रफ यांचं भारतीय संपादकांबरोबरचं सकाळचं बोलणं वाहिन्यांवर दाखवलं गेलं. एकदा भूमिका जगासमोर ठणकावून मांडली की बंद खोलीत तिच्यावरून मागे सरकायला जागा राहत नाही. १६ जुलैच्या मध्यरात्री मुशर्रफ जाहीरनाम्याविना परतले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये हनोईला ट्रम्प आणि उत्तर कोरियाचे किम यांच्यासाठी दुपारच्या जेवणाची आणि सह्यांची तयारी झाली होती. दोन्ही रद्द झालं. अण्वस्त्रं किती सोडायची आणि बदल्यात निर्बंध किती उठायचे, हे खाली ठरलंच नव्हतं. आणि याद्या होऊनही मोडल्याचं उदाहरण जून २०१८ चं, कॅनडातल्या शार्लव्हाच्या जी-७ परिषदेचं. निवेदन मान्य झालं, ट्रम्प विमानात बसले आणि हवेतूनच ट्विट करून अमेरिकेचा पाठिंबा काढून घेतला. शेर्पाच्या शब्दामागे त्याचा नेता उभा नसेल, तर सगळी यंत्रणा फुकट.

हवामान परिषदांनी यातून एक शहाणपण शिकून घेतलं. डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगनला नेते शेवटी आले, मसुदा कंसांनी भरलेला होता, आणि राष्ट्रप्रमुख स्वतः वाक्यं लिहायला बसले. मनमोहन सिंग, चीनचे वन च्यापाओ, ब्राझीलचे लुला आणि दक्षिण आफ्रिकेचे झूमा यांच्या बैठकीत ओबामा येऊन बसले आणि तिथे एक कागद तयार झाला. पण बाहेर थांबलेल्या देशांना तो गळी उतरला नाही. परिषदेने त्याची फक्त ‘दखल घेतली’. २०१५ मध्ये पॅरिसला फ्रान्सने क्रम उलटा केला. नेत्यांना पहिल्याच दिवशी बोलावलं, त्यांच्याकडून इच्छा वदवून घेतली आणि परत पाठवलं. मग पुढचे जवळपास दोन आठवडे जाणत्या माणसांनी मसुदा केला. तरी शेवटच्या संध्याकाळी ठेच लागलीच. श्रीमंत देशांच्या उद्दिष्टांच्या कलमात बंधनकारक अर्थाचं क्रियापद पडलं होतं. तसं राहिलं असतं तर अमेरिकेला करार सिनेटपुढे न्यावा लागण्याची भीती होती. सभागृह ताटकळलं, आणि शेवटी ‘लेखनातली चूक’ म्हणून एक क्रियापद बदललं गेलं. ‘करतील’चं ‘करावं’ झालं.

निवेदन कसं वाचायचं

म्हणून क्रियापदं आधी बघा. ‘दखल घेतली’ हे सगळ्यांत कमजोर. म्हणजे आम्ही ऐकलं, पुढे काही विचारू नका. ‘स्वागत करतो’ थोडं बरं. ‘कटिबद्ध आहोत’ त्याहून बरं, पण त्यापुढे आकडा आणि साल आहे का ते शोधा. ‘स्वेच्छेने’ आणि ‘राष्ट्रीय परिस्थितीनुसार’ ही दोन शेपटं दिसली की वाक्यातली अर्धी हवा गेली. मग मागच्या वर्षीचं निवेदन शेजारी ठेवा. कोणता शब्द गळला, कोणता घुसला, तीच खरी बातमी. दोन नेते भेटले असतील तर दोन्ही देशांची पत्रकं वेगवेगळी वाचा. एकात व्यापार पहिला आणि दुसऱ्यात सीमा पहिली असेल, तर भेट कशी झाली ते कळतं.

अंमलबजावणीसाठी या कागदांमागे कोर्ट नाही, दंड नाही. सप्टेंबर २००९ मध्ये पिट्सबर्गला जी-२० ने ठरवलं की कोळसा-तेलावरची अकार्यक्षम अनुदानं ‘मध्यम मुदतीत’ हटवू. २०२३ च्या दिल्ली जाहीरनाम्यात तेच वचन पिट्सबर्गच्या उल्लेखासह पुन्हा आलं, ‘मध्यम मुदती’सकट. चौदा वर्षांची मध्यम मुदत! याउलट एप्रिल २००९ च्या लंडन परिषदेत नाणेनिधीची कर्ज देण्याची ताकद तिप्पट करून ७५० अब्ज डॉलरवर न्यायचं ठरलं, २५० अब्ज डॉलरचे विशेष आहरण अधिकार (सदस्य देशांना नाणेनिधीकडून मिळणारी राखीव गंगाजळी) वाटायचं ठरलं, आणि हे वाटप त्याच ऑगस्टमध्ये झालंही. तेव्हा सगळेच घाबरलेले होते, आकडे ठोस होते आणि काम एका अस्तित्वात असलेल्या संस्थेवर सोपवलं होतं. आकडा आहे आणि तो कुणाच्या अंगावर टाकला आहे हेही लिहिलं आहे, असं वाक्य दिसलं तर ते गांभीर्याने घ्यावं. कधी वाक्य एका परिषदेतून दुसरीत प्रवासही करतं: अक्षय ऊर्जेची क्षमता २०३० पर्यंत तिप्पट करण्याची भाषा दिल्लीत आली आणि त्याच डिसेंबरात दुबईच्या हवामान परिषदेच्या निर्णयात जाऊन बसली.

खर्चाचा प्रश्न रास्त आहे. भारताने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात जी-२० साठी ९९० कोटी रुपये ठेवले होते. त्यातला शोभेचा भाग किती आणि कामाचा किती, यावर वाद घालावा, घातलाच पाहिजे. पण परिषदा भरवल्याच नाहीत तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या दाराशी आहे.

सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या सनदेनुसार राष्ट्रप्रमुखांनी वर्षातून एकदा तरी भेटायचं, आणि प्रत्येक निर्णय एकमताने. शेवटची परिषद २६-२७ नोव्हेंबर २०१४ ला काठमांडूत झाली. रस्ता वाहतूक, रेल्वे आणि वीज असे तीन करार तयार होते. आपल्या अंतर्गत प्रक्रिया बाकी असल्याचं सांगून पाकिस्तानने हात आखडता घेतला. दुसऱ्या दिवशी नेते काठमांडूजवळच्या धुलिखेलला अनौपचारिक भेटीसाठी गेले, आणि त्यानंतर तीनपैकी विजेच्या करारावर तेवढी सही झाली. एका दुपारच्या सहवासाने एक करार सुटला, दोन राहिले. २०१६ ची इस्लामाबाद परिषद उरीच्या हल्ल्यानंतर भारताने आणि पाठोपाठ इतरांनी नाकारली, आणि त्यानंतर एकही भरली नाही. काठमांडूत सचिवालय आहे, सरचिटणीस आहेत, अधिकाऱ्यांच्या बैठकाही होतात. वाहतुकीच्या कराराला मात्र पुढची तारीखच मिळाली नाही. त्याआधीच भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान या चौघांनी जून २०१५ मध्ये थिंफूला बसून आपल्यापुरता वेगळा करार केला.